घरात कॅन्सर झालाय, मग जेनेटिक काउन्सेलिंग घ्यावं का?

आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला की लेकीच्या मनात येतंच, 'आता मलाही होणार का?' पण 'उद्या लग्न जमवताना अडचण नको' म्हणून अनेक घरांत हा विषय निघतच नाही.

आधी दिलासा. एकूण कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. आजोबांना तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झाला किंवा आजीला एचपीव्हीमुळे गर्भाशयाच्या मुखाचा, तर फक्त तेवढ्यावरून काउन्सेलिंगची सहसा गरज नसते.

मग कुणी जावं?

घरात यापैकी काही असेल तर जरूर जा:

- पन्नाशीच्या आत ब्रेस्ट किंवा आतड्याचा कॅन्सर
- कोणत्याही वयात ओव्हरीचा कॅन्सर
- पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर
- एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना एकाच प्रकारचा कॅन्सर

आणि फक्त मावशी, आजी मोजू नका. आत्यालाही मोजा. बीआरसीए1, बीआरसीए2 या जीनमधला दोष वडिलांकडूनही येतो. आई किंवा वडिलांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक मुलात, मग मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता 50 टक्के असते.

काउन्सेलिंग म्हणजे टेस्ट का?

नाही. आधी तुमच्या तीन पिढ्यांची माहिती घेतली जाते: कुणाला, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. त्यावरून टेस्ट हवी की नको हे समजावून सांगतात. निर्णय तुमचाच.

टेस्ट आधी कुणाची?

शक्यतो ज्यांना कॅन्सर झालाय त्यांची. त्यांच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांनी नेमका तोच तपासायचा. तो तुमच्यात नसेल, तर त्या दोषाची चिंता मिटली. पण त्यांची टेस्टच झाली नसेल, तर तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही पूर्ण खात्री देता येत नाही. म्हणून पेशंटचे उपचार सुरू असतानाच डॉक्टरांकडे हा विषय काढा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. धोका मात्र बराच वाढतो. बीआरसीएमधला दोष असलेल्या 100 पैकी 60 हून जास्त महिलांना आयुष्यात कधी ना कधी ब्रेस्ट कॅन्सर होऊ शकतो. पण आधीच कळलं तर कमी वयापासून दरवर्षी एमआरआय, ओव्हरी काढण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय हातात असतात. आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोममध्ये नियमित कोलोनोस्कोपी करतात.

कधी कधी रिपोर्टमध्ये असा बदल दिसतो, ज्याचा अर्थ अजून लागलेला नसतो. फक्त त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. ऑनलाइन किट मागवून एकट्याने रिपोर्ट वाचण्यात धोका आहे तो इथेच.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून कुणाला, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी झाला ते लिहून काढा आणि जुन्या फाइल्स शोधून ठेवा.