स्मार्ट टीव्ही घ्यावा की लॅपटॉपच टीव्हीला जोडावा?

ऑनलाइन सेल लागला की मला एक प्रश्न हमखास येतो: "दादा, ओटीटीसाठी स्मार्ट टीव्ही घेऊ, की साध्या टीव्हीला लॅपटॉप जोडून भागवू?" मी दोन्ही वापरतो. माझं मत विचाराल तर सिरीज आणि सिनेमांसाठी टीव्हीवरचं ॲप सरस आहे. पण त्यासाठी लगेच नवीन टीव्ही घ्यायची गरज नसते. कसं ते बघूया.

आधी प्लॅन आणि टीव्ही तपासा

नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटवर चालतो. तो टीव्हीवरही चालत नाही आणि लॅपटॉपवरही नाही. ४के हवं असेल तर प्रीमियम प्लॅनच लागतो. शिवाय तुमचा ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असेल, तर त्यावर ४के दिसणारच नाही. अशा टीव्हीवर ॲप आणि लॅपटॉप यांच्या चित्रात फारसा फरक जाणवत नाही.

लॅपटॉप कुठे अडतो?

फोन घेताना 'वाईडवाईन एल१' आहे का, हे तुम्ही पाहिलं असेल. एल३ असलेल्या फोनवर नेट कितीही फास्ट असलं तरी नेटफ्लिक्स एचडीमध्ये दिसत नाही. लॅपटॉपवरही कॉपी रोखण्यासाठी अशीच बंधनं असतात. विंडोजवर क्रोममध्ये नेटफ्लिक्स जास्तीत जास्त १०८०पी मिळतं. ४के साठी एज ब्राऊजर किंवा नेटफ्लिक्सचं ॲप लागतं.

दुसरी अडचण एचडीसीपीची. लॅपटॉप आणि टीव्ही व्हिडिओ पाठवण्याआधी एकमेकांची 'ओळख' तपासतात. ती पटली नाही, तर स्क्रीन काळी पडते किंवा दर्जा खाली येतो. ४के साठी साधारणपणे एचडीसीपी २.२ लागतं. तसंच, लॅपटॉपचा पोर्ट जुना एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, म्हणजे माऊससुद्धा अडखळत फिरतो.

आणि हो, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येत नाही. केबल घेण्याआधी लॅपटॉपचे स्पेसिफिकेशन्स नक्की वाचा.

मग स्मार्ट टीव्हीच बेस्ट?

पूर्णपणे नाही. स्वस्त टीव्हीत रॅम कमी असते, त्यामुळे ॲप उघडायलाच वेळ लागतो. काही वर्षांनी अपडेट थांबतात आणि एकेक ॲप बंद पडत जातं. पॅनल मात्र ठणठणीत असतं! म्हणजे टीव्ही चांगला, पण त्यातला 'स्मार्टपणा' आधी म्हातारा होतो.

लॅपटॉपची मजा वेगळी. पेन ड्राईव्हमधली लेक्चर्स, कॉलेजचं प्रेझेंटेशन, गेम, कुठलीही वेबसाइट, सगळं मोठ्या स्क्रीनवर चालतं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा, झालं काम.

माझा सल्ला

- टीव्हीला एचडीएमआय पोर्ट आहे? मग फायर टीव्ही स्टिकसारखी स्ट्रीमिंग स्टिक लावा. खर्च नव्या टीव्हीच्या मानाने खूपच कमी, आणि जुनी झाली की फक्त स्टिक बदलायची.
- कधीतरीच सिनेमा बघता, बाकी अभ्यास आणि गेमिंग? लॅपटॉप आणि केबल पुरेसं आहे.
- घरात आई-बाबा, आजी सगळेच बघतात? मग रिमोटवर चालणारं काहीतरी हवंच. दरवेळी लॅपटॉप लावून द्यायला तुम्ही घरी असालच असं नाही!
- टीव्ही खराबच झालाय? तरच नवीन घ्या, आणि घेताना 'स्मार्ट' या शब्दापेक्षा पॅनलकडे जास्त लक्ष द्या.