रिछाईतला मराठी किराणा

जबलपूरच्या रिछाईत आज आमसुलं हवी असली तर मोबाइलवर मागवायची, दोन-चार दिवसांत डबा दारात. मी 1981 साली संगमेश्वराहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा आमसुलांसाठी आधी माणूस शोधावा लागे. नागपूरला कोण चाललंय, कोणाची सासू पुण्याहून येतेय, कोणाची रजा मंजूर झाली, ही खबर आम्हा बायकांकडे अगदी ताजी असे. जाणाऱ्याच्या हातात यादी पडे आणि परत येताना बिचाऱ्याच्या वळकटीत कपड्यांपेक्षा मसालेच जास्त असत.

रिछाई म्हणजे अधारतालजवळची औद्योगिक वसाहत. शेड, गोदामं, लेथचा आवाज. पण इथल्या मराठी घरांचा पोशिंदा म्हणजे संरक्षण खात्याचे कारखाने. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची. मग खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि 1969 साली सुरू झालेली व्हेइकल फॅक्टरी. लष्कराचे शक्तिमान ट्रक इथेच बनत. आमचे हे तिथे फिटर होते. जबलपूरचं मराठीपण मात्र त्याहून जुनं आहे. इंग्रजांनी घेईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडात नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात नांदले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि उच्च न्यायालय जबलपूरला आलं. त्याच्याबरोबर वकील, कारकून, शिरस्तेदारांची कुटुंबंही आली. गोलबाजारातल्या दत्तमंदिरात गुरुवारी गेलं की ही सगळी मंडळी भेटत.

इथला बाजार काही गरीब नव्हता. बांगड्या-साड्यांना गंजीपुरा, मिठाईला बडा फुहारा, आणि हिवाळ्यात मटार तर असा स्वस्त की पोत्यानं घ्यावा. नव्हतं ते आमच्या कोकणी जिभेचं: आमसुलं, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, चांगला ओला नारळ. रांझीच्या किराणावाल्याला विचारलं तर म्हणे, "भाभीजी, पूरे मोहल्ले में आप ही माँगती हैं." त्याचं गणित बरोबर होतं. महिन्याकाठी पावशेर खपणाऱ्या मालासाठी कोण पैसा अडकवून ठेवील? मुंबई-जबलपूर रेल्वे 1870 पासून जोडलेली होती, पण रेल्वेनं माणसं येतात. माल यायला व्यापाऱ्याला गिऱ्हाईक दिसावं लागतं.

मग आम्ही जमवून घेतलं. आमटीत आमसुलाऐवजी आमचूर पडू लागलं. सोलकढी सुटली. करंजीत खोबऱ्याऐवजी मटाराचं सारण आलं आणि ते मुलांना इतकं आवडलं की पुढे नारळ मिळत असूनही टिकलं. मोदकांची पिठी मी बालाघाटच्या चिन्नोर तांदळाची करायला शिकले. वासाचा, मऊ तांदूळ. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या वेळी तो नैनपूर-बालाघाट-गोंदियाच्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं कुणाच्या तरी पिशवीतून येई. थंडीत शेजारच्या चाचींनी गोवऱ्यांवर भाजलेले गक्कड आणि वांग्याचा भर्ता खायला घातला. आमच्या वैदर्भी मैत्रिणीला त्यात आपले पानगे दिसले; मी मात्र भर्त्यावर लसणीची चटणी घातली. रिछाईतल्या मराठी घरांचा स्वयंपाक असा घडला. तो कोकणात सापडणार नाही आणि नागपुरातही नाही.

बदल एका दिवसात झाला नाही. रस्ता सुधारला: सिवनीवरून नागपूरला जाणारा जुना सात नंबरचा महामार्ग चौपदरी झाला. छोटी गाडी 2015 साली थांबली आणि तिच्या जागी ब्रॉडगेजची मोठी लाइन आली. 2016 साली इंटरनेट स्वस्त झालं, त्याच वर्षी यूपीआय आलं. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. ही शेवटची गोष्ट गृहिणींच्या फारशी ध्यानात येत नाही, पण पुण्यातल्या छोट्या मसालेवाल्याला परराज्यात पुडा पाठवणं सोपं झालं त्यात तिचाही वाटा आहे. पूर्वी दुकानदाराला एका मोहल्ल्यातली वीस गिऱ्हाइकं लागत. आता विकणारा देशभरातली वीस हजार गिऱ्हाइकं एकत्र मोजतो, त्यात रिछाईची एक बाईही बसते.

परदेशातल्या मराठी घरांचीही हीच कथा. आधी सुटकेस, मग दुकान, मग ॲप. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 साली निघालं. माझी भाची न्यू जर्सीत संसार थाटायला गेली तेव्हा तिला थालीपिठाची भाजणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली; मला त्या काळात भारतात राहून ती मिळत नव्हती! अंतर मैलांत मोजून उपयोग नसतो. गिऱ्हाईक किती आणि माल पोचवायची सोय कशी, यावर घर जवळ की लांब ते ठरतं.

या सोयीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. यादी घेऊन लोकांच्या दारी जाण्यात मिंधेपण होतं आणि ते बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येई. आता गुडघे दुखत असताना बाजार घरी येतो, याचं मोल मला ठाऊक आहे. तक्रार आहे ती वेगळीच. माझी सून आता मोदकांची तयार पिठी मागवते. पिठी उत्तम असते, मोदक फुटत नाहीत. पण तोच पुडा ठाण्यात, बंगळुरात आणि न्यू जर्सीतही उघडतो आणि सगळीकडे मोदक एकाच चवीचे होतात. चिन्नोरची पिठी, मटाराची करंजी, आमचुराची आमटी हे आमच्या अडचणीतून आलं, म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. बडोद्याच्या, इंदूरच्या, तंजावरच्या मराठी घरांनी आपापल्या गावाची चव अशीच कमावली आहे.

तेव्हा परमुलखातल्या मराठी घरांना माझं एवढंच सांगणं: मागवायचं ते जरूर मागवा. पण तुमच्या आईनं, सासूनं त्या गावात काय नव्हतं म्हणून काय वापरलं, ते प्रमाणासकट एका वहीत उतरवून ठेवा. आमसुलं कुठूनही येतील. ती माहिती कुठलंही दुकान विकत नाही.