जुन्या जीप व पिकअप वाहनांची पारख आणि निगा

शेतमाल पिकविण्याइतकेच तो वेळेवर बाजारात पोचविणे महत्त्वाचे असते. टोमॅटो, पालेभाज्या, द्राक्षे, फुले यांसारखा नाशवंत माल एक दिवस जरी शेतावर अडून राहिला, तरी हंगामभराच्या श्रमांचे मोल कमी होते. नवे वाहन घेण्याची ऐपत प्रत्येक शेतकऱ्याची नसते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेली जीप किंवा पिकअप विकत घेण्याकडे, अथवा घरची जुनी गाडीच आणखी काही वर्षे चालविण्याकडे अनेकांचा कल असतो. हा विचार चुकीचा नाही. मात्र जुने वाहन केवळ स्वस्त मिळाले म्हणून ते परवडते असे नव्हे. ऐन तोडणीच्या दिवसांत जे बंद पडत नाही, तेच वाहन स्वस्त होय. अशा वाहनाची पारख कशी करावी व त्याची निगा कशी राखावी, याची माहिती पुढे दिली आहे.

ही वाहने टिकतात का?

महाराष्ट्रातील खेड्यांना जीपगाडी नवी नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून विकासगटाची जीप गावोगावी परिचित झाली. त्या काळी महिंद्र कंपनी मुंबईत विलिज जीपगाड्यांची जुळणी करीत असे. पुढे १९९४ साली टाटा सुमो, तर २००० साली टोयोटा क्वालिस व महिंद्र बोलेरो या गाड्या बाजारात आल्या. क्वालिसचे उत्पादन २००५ साली व सुमोचे २०१९ साली थांबले. तथापि या जातीच्या गाड्या अजूनही ग्रामीण रस्त्यांवर दिसतात.

या सर्व वाहनांची मूळ रचना सारखी आहे. शिडीच्या आकाराचा एक पोलादी सांगाडा असतो. त्याला चॅसिस म्हणतात. इंजिन, गिअरपेटी, कमानपाटे व वरची बॉडी हे सर्व या सांगाड्यावर बसविलेले असते. बॉडी, इंजिन, पाटे यांपैकी काहीही खराब झाले तरी ते वेगळे काढून दुरुस्त करता येते. हेच या वाहनांच्या दीर्घायुष्याचे कारण आहे. सांगाडा मात्र गेला, की वाहन गेले. सबब पारख करताना पहिले लक्ष इंजिनाकडे नव्हे, तर सांगाड्याकडे द्यावे.

सांगाड्याची तपासणी

वाहन पक्क्या जागी उभे करून, चाकांना अटकण लावून, खाली वाकून पाहावे. मागील पाटे जेथे सांगाड्याला जोडलेले असतात ती जागा, स्टिअरिंगपेटीची बैठक आणि मागील चाकांच्या आतील बाजू येथे गंज व तडे प्रथम दिसतात. लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. निकोप पोलादाचा आवाज खणखणीत येतो. गंजून पोकळ झालेल्या जागी तो बद्द येतो. खालील बाजूस नुकताच काळा रंग किंवा डांबर फासलेले असल्यास सावध राहावे. त्याखाली गंज किंवा जोडकाम लपविलेले असण्याचा संभव असतो.

किनारपट्टीवर वापरलेल्या वाहनास खाऱ्या हवेमुळे गंज लवकर लागतो. परंतु देशावरील शेतकऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत रासायनिकदृष्ट्या क्षारच आहे. खताच्या पोत्यांतून सांडलेले दाणे हौद्याच्या सांध्यांत अडकतात व ओल मिळताच पोलाद खाऊ लागतात. म्हणून खताची वाहतूक केल्यावर हौदा व खालची बाजू त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवावी. पाणी निचरून जाण्याची भोके बुजलेली नाहीत, हेही पाहावे.

इंजिनाची पारख

वाहन पाहावयास सकाळी जावे आणि इंजिन थंड आहे याची बॉनेटला हात लावून खात्री करावी. गरम इंजिन सहज सुरू होते व त्याचे दोष झाकले जातात. डिझेल इंजिन सुरू केल्यानंतर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. काळा धूर बहुधा हवेची गाळणी चोंदल्याने अथवा नोझल बिघडल्याने येतो; हा दोष तुलनेने कमी खर्चात दूर होतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर दाब कमी झाला आहे किंवा आत पाणी शिरत आहे, अशी शंका घ्यावी.

यानंतर ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून वाफेसारखा धूर जोराने बाहेर पडत असेल, तर पिस्टन व रिंगा झिजल्या आहेत. डिझेल इंजिनातील ऑइल काळे होणे स्वाभाविक आहे. त्यावरून घाबरू नये. मात्र ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून तो व्यवहार टाळावा. किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नये, कारण तो बदलता येतो. पायडलांचे रबर, स्टिअरिंगची झीज व चालकाच्या बैठकीची अवस्था ही अधिक खरे सांगतात.

सुटे भाग व मिस्त्री

वाहन कोणत्या कंपनीचे आहे, यापेक्षा त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतो की नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला अधिक महत्त्वाची आहे. खरेदीपूर्वी क्लचप्लेट, पाण्याचा पंप, पट्टा, सेल्फ, ब्रेकचे सिलिंडर व नोझल या सहा भागांची यादी घेऊन सुट्या भागांच्या दुकानी चौकशी करावी. सहाही भाग तेथे मिळत असतील, तर निम्मी चिंता मिटली. जी गाडी आपल्या भागात विपुल चालते तिचे भाग मिळतात व तिचे काम जाणणारा मिस्त्रीही मिळतो. एखादी महागडी विदेशी बनावटीची जुनी गाडी कमी किमतीत मिळाली, तरी तिच्या एका भागासाठी पंधरा दिवस थांबावे लागत असेल, तर ती शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही.

जुन्या इंजिनांत डिझेलचा पंप यांत्रिक पद्धतीचा असतो. गावचा अनुभवी मिस्त्रीदेखील त्याचा दोष हेरू शकतो. अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत सेन्सर व संगणकीय नियंत्रण असते. ही इंजिने धूर कमी सोडतात व ताकद अधिक देतात. परंतु त्यांचा दोष शोधण्यास विशेष यंत्र लागते आणि अशुद्ध डिझेल त्यांना मुळीच सोसत नाही. जवळपास अशी सोय आहे का, हे पाहूनच निवड करावी.

निगा : पाणी, डिझेल, हवा

इंजिन बिघडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अतिउष्णता. कूपनलिकेचे जड पाणी रेडिएटरमध्ये वारंवार भरल्याने आत क्षारांचा थर साचतो व उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट ठरावीक प्रमाणात मिसळून वापरावे. इंजिन तापते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. ही पद्धत घातक आहे. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेला पोचत नाही, झीज वाढते व डिझेल अधिक लागते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. डिझेलमधील स्निग्धतेवरच पंपाचे वंगण अवलंबून असते. रॉकेलने ती कमी होऊन पंप झिजतो. गाळणीखालील पाणी वेचण्याच्या भांड्यातून साचलेले पाणी नियमित काढावे. पावसाळ्यात हे दर आठवड्यास करावे. हवेची गाळणी उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवर लवकर चोंदते. ती वेळेवर साफ करावी व फाटल्यास त्वरित बदलावी, कारण गाळणीतून शिरलेली धूळ सिलिंडरला कानसीप्रमाणे घासते.

ब्रेक, पाटे व टायर

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. असे तेल घाटात तापले की त्यात वाफ धरते व ब्रेक लागेनासा होतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. रबरी नळ्यांना भेगा पडल्या असल्यास वाहन रस्त्यावर आणू नये. भरलेले वाहन घाट उतरताना लहान गिअरमध्येच उतरवावे. इंजिन बंद करून वा न्यूट्रलवर कधीही उतरवू नये.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने होऊन तडकते, म्हणून हे आकडे पाहिल्याविना टायर घेऊ नये. पाट्यांचे शॅकल व प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना जेथे निपल आहेत तेथे ठरलेल्या मुदतीत ग्रीस भरावे. चारही चाकांना ओढ देणारी जुनी जीप चिखलात उपयोगी पडते. परंतु कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती जोडणी चालू ठेवल्यास गिअरांवर ताण येतो.

ओझ्याचा हिशेब

जुन्या वाहनाचा खरा शत्रू वय नसून ओझे आहे. नोंदणी पुस्तकात भरलेल्या वाहनाचे कमाल वजन व रिकाम्या वाहनाचे वजन अशा दोन नोंदी असतात. त्यांच्यातील फरक एवढेच ओझे घालता येते, आणि त्यात पुढे बसणाऱ्या माणसांचेही वजन धरावयाचे असते. उदाहरणार्थ, हा फरक १,००० किलो असेल व पुढे दोन माणसे मिळून १२० किलो भरत असतील, तर मालासाठी ८८० किलो उरतात. भरलेले क्रेट २२ किलोचे असेल, तर ४० क्रेट होतात. एक्केचाळिसावे क्रेट चढविण्याचा मोह टाळावा. जादा पाटे घालून वाहन अधिक ओझे उचलताना दिसते. पण सांगाडा, ब्रेक व ॲक्सल पूर्वीचेच राहतात व तडा तेथेच जातो.

कागदपत्रे

सांगाड्यावर कोरलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा, थकलेला कर व दंड यांची चौकशी करावी. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते व ८ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. खरेदी होताच नमुना २९ व ३० भरून वाहन स्वतःच्या नावे करावे व विमाही बदलून घ्यावा. खाजगी म्हणून नोंदलेली जीप भाड्याच्या मालवाहतुकीस वापरता येत नाही, हे ध्यानी ठेवावे.

परवडते की नाही?

मानू या, वाहन ३,००,००० रुपयांस घेतले व पाच वर्षांनी ते १,५०,००० रुपयांस विकले. वार्षिक घट ३०,००० रुपये झाली. विमा, कर व तपासणी यांस २५,००० आणि दुरुस्ती व टायर यांस ४५,००० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च १,००,००० रुपये होतो. वर्षात २०० दिवस वाहन वापरल्यास डिझेल वगळून दिवसाला ५०० रुपये पडतात. ५० दिवसच वापरल्यास २,००० रुपये पडतात. गावात भाड्याची गाडी याहून स्वस्त मिळत असेल, तर वाहन न घेणेच हितावह. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक वाहन वापरल्यासही हिशेब जुळू शकतो. मात्र नोंदवही काटेकोर ठेवावी.

जुन्या वाहनाच्या मर्यादाही ओळखाव्यात. अनेक जुन्या गाड्यांत एअरबॅग किंवा चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा नसते, आणि नव्या इंजिनांपेक्षा त्या अधिक धूर सोडतात. म्हणून असे वाहन मर्यादित वेगाने चालवावे व हौद्यात माणसे बसवू नयेत. सांगाड्यास तडे गेले, भाग मिळेनासे झाले किंवा एका वर्षाची दुरुस्ती वाहनाच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर मोह सोडून ते निकालात काढावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावातील एखाद्या अनुभवी मिस्त्रीच्या मदतीने अशा वाहनांच्या तपासणीचे एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. प्रत्येक वाहनमालकास एक वही ठेवावयास सांगावे. तीत ऑइल, गाळणी, ब्रेकचे तेल व पट्टा केव्हा बदलला त्याची तारीख आणि किलोमीटर लिहावेत. ही वही मालकाला पुढील दुरुस्तीची आगाऊ सूचना देते व विकतेवेळी गाडीची योग्य किंमतही मिळवून देते. बैलजोडीच्या खुरांची व वशिंडाची जी काळजी शेतकरी नांगरणीपूर्वी घेतो, तीच काळजी त्याने हंगामापूर्वी आपल्या गाडीची घेतली, तर त्याचा माल वाटेत अडणार नाही.