आतड्याचे अस्तर आणि त्याचे दोन रक्षक

ओडिशाच्या खेड्यापाड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात अर्भकांवर केलेला एक प्रयोग ऑगस्ट २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळांचे दोन गट करण्यात आले होते. एका गटाला जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक पूड सात दिवस तोंडावाटे देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, परंतु गुणहीन पूड. सर्व बाळे किमान दोन किलो वजनाची आणि आईचे दूध पिणारी होती. पहिल्या साठ दिवसांत दुसऱ्या गटातील शंभरांपैकी नऊ बाळांना जंतुदोषाने (सेप्सिस) गाठले अथवा मृत्यू आला. खरी पूड मिळालेल्या बाळांत हे प्रमाण ५.४ इतके खाली आले. शिवाय श्वसनमार्गाचे विकारही कमी आढळले.

त्या पुडीत महागडे असे काहीच नव्हते. एक होता ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ जातीचा जिवंत जिवाणू, आणि दुसरी होती त्या जिवाणूला लागणारी एक प्रकारची शर्करा. शरीरास हितकारक अशा जिवंत जिवाणूंना प्रोबायोटिक म्हणतात. जे अन्न आपल्याला पचत नाही, पण त्या जिवाणूंना पोसते, ते प्रीबायोटिक. दोहोंच्या जोडीला गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘सिनबायोटिक’ हे नाव सुचविले. बियाणे आणि खत एकदम द्यावे, असाच हा प्रकार.

पोटात दिलेल्या पुडीने रक्तातील जंतुदोष कसा टळावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आतड्याच्या अस्तरात आहे. हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. त्याच्या एका बाजूला कोट्यवधी जंतू, तर दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या. अन्नरस आत जावा पण जंतू जाऊ नयेत, अशी दुहेरी जबाबदारी या नाजूक भिंतीवर असते. पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असतात, वर बुळबुळीत श्लेष्म्याचे आवरण असते आणि तीन ते पाच दिवसांत बहुतेक थर नव्याने घडतो. सांधे सैल झाले की जंतू रक्तात शिरू शकतात. नवजात बाळाची ही भिंत तर अद्याप कच्चीच असते.

हितकारक जिवाणू अस्तरालगतची जागा आधीच व्यापतात व उपद्रवी जंतूंना थारा मिळू देत नाहीत. पण त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्न आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते, आणि तेथील पेशींना बहुतांश ऊर्जा या आम्लातूनच मिळते. असे अन्न न मिळाल्यास काही जिवाणू श्लेष्म्याचे आवरणच खाऊ लागतात, असे २०१६ मध्ये उंदरांवरील अभ्यासात दिसून आले. राखणदाराला पगार दिला नाही तर तो घरातच हात मारणार!

ही जोडी निसर्गाने फार पूर्वीच जुळवून ठेवली आहे. आईच्या दुधात काही विशिष्ट शर्करा विपुल असतात, पण बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातील जिवाणूंसाठी. दुधातून काही जिवाणूही बाळाला मिळतात. म्हणूनच पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे व बाळाला मध चाटविणे या दोन्ही चालीरीती आमच्या मते सोडून द्याव्यात. वर्षाच्या आतील बाळाला मधामुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तथापि ‘जिवाणू’ आणि ‘हितकारक’ हे शब्द शेजारी आले म्हणजे धोका संपला, असे नव्हे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक देण्यात आले, तेव्हा त्या गटातील १६ टक्के रुग्ण दगावले, तर ते न मिळालेल्या गटातील ६ टक्के. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२३ मध्ये, अकाली जन्मलेल्या एका बाळाच्या मृत्यूनंतर, अशा बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याबाबत इशारा दिला. ओडिशातील पूड विशिष्ट जिवाणूची होती आणि जन्मतः निरोगी बाळांसाठी होती. दुकानात मिळणारी कोणतीही पुडी म्हणजे ती नव्हे. नवजात, अकाली जन्मलेली वा अत्यवस्थ व्यक्ती घरात असेल तर हा निर्णय डॉक्टरांचाच.

निरोगी प्रौढांची गोष्ट सोपी आहे. कांदा, लसूण, कडधान्ये, किंचित कच्चे केळे यांतून आतड्यातील जिवाणूंना खाद्य मिळते. वसईत तरी केळ्यांची वाण असू नये! ताज्या दह्याताकातून जिवंत जिवाणू मिळतात. मात्र त्याच ताकाची कढी करून ती उकळली की जिवाणू मरतात; चव तेवढी उरते.