काळ्या जमिनीतील जुना ट्रॅक्टर : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

वर्धा जिल्ह्यात शेतीच्या यंत्रीकरणाचा प्रश्न निव्वळ यंत्रशास्त्राचा म्हणून कधीच पाहिला गेला नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या आणि मगनवाडीतून काम करणाऱ्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात निसर्गाच्या साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि निसर्गाच्या अखंड प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था असा भेद मांडला. या भेदानुसार डिझेल हे साठ्यातले, तर चाऱ्यावर पोसलेला आणि शेणखत देणारा बैल हा प्रवाहातला ठरतो. पुढे शेतकऱ्याच्या अंगणात ट्रॅक्टर आला, आणि तत्त्वाच्या वादाची जागा सौद्याने घेतली : कर्ज काढून नवे यंत्र घ्यावे, वीसतीस वर्षांचे जुने घ्यावे, की भाड्याने काम करून घ्यावे? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात कर्जाचा बोजा टाळणारे जुने यंत्र हा दुय्यम विषय मानता येत नाही.

यंत्राचे स्वरूप

१९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा सुमारे ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ आणि पिंजोर येथे १९७१ पासून एच.एम.टी.ने बनविलेला २५ अश्वशक्तीचा झेटर २५११ ही त्या पिढीची ठळक उदाहरणे होत. त्यांच्या टिकाऊपणाची कारणे दोन. पहिले, इंधनाचा पुरवठा पूर्णतः यांत्रिक पंपाने होतो; त्यामुळे बिघाड डोळ्यांना दिसतो व तालुक्याच्या गावातील कारागिराच्या हाताने दुरुस्त होतो. दुसरे, हॅरी फर्ग्युसन याने रूढ केलेली तीन-बिंदू जोडणी पुढे सर्वमान्य झाल्यामुळे आजचा नांगर वा कल्टिव्हेटर जुन्या ट्रॅक्टरलाही जोडता येतो. मर्यादा आहे ती सुट्या भागांची. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मंजुरी दिली. असा ट्रॅक्टर घेणाऱ्याने सुटे भाग कोठे मिळतात हे सौद्यापूर्वीच पाहिलेले बरे.

जमिनीची ओढ

जिल्ह्यातील काळी, चिकण जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. या दोन अवस्थांमधल्या मशागतयोग्य ओलाव्याला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. जुन्या यंत्राच्या दृष्टीने या शब्दाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

प्रत्येकी ३० सें.मी. रुंदीचे दोन फाळ २० सें.मी. खोल चालतात असे धरल्यास कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद १,२०० चौ. सें.मी. होतो. वाफशावर मातीचा विरोध दर चौ. सें.मी.ला ०.८ किलोग्रॅम धरला, तर एकूण ओढ ९६० किलोग्रॅम होते. ताशी ३.६ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला १ मीटर, ही ओढ ओढण्यास सुमारे १२.८ अश्वशक्ती लागते. इंजिनच्या शक्तीपैकी सुमारे ६० टक्के ओढीसाठी उपलब्ध होते असे धरल्यास इंजिनकडून २१ अश्वशक्तीची मागणी होते. आता तीच जमीन वाळली आणि विरोध १.२ किलोग्रॅमवर गेला, तर मागणी ३२ अश्वशक्तीवर जाते. झिजेमुळे एक-पंचमांश शक्ती गमावलेल्या ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाजवळ उरते २८ अश्वशक्ती. म्हणजे तोच ट्रॅक्टर वाफशावर पुरेसा आणि वाळल्या रानात अपुरा ठरतो. सोयाबीन वा हरभरा निघताच, ओल उडण्यापूर्वी नांगरट उरकणे त्याला मानवते. उशिरापर्यंत कपाशी उभी राहिलेल्या वाळल्या रानात मात्र खोली कमी करावी, किंवा एका फाळाने भागवावे.

ओलावा जास्त असेल तेव्हा अडचण उलट्या बाजूने येते. चाक फिरते, पण पुढे सरकत नाही. ही घसर मोजणे सोपे आहे. मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत औजार उचललेले असताना ४० मीटर आणि औजार जमिनीत असताना ३४ मीटर अंतर कापले गेले, तर घसर १५ टक्के झाली. याहून अधिक घसर म्हणजे डिझेलचा अपव्यय आणि टायरची झीज. टायरांत पाणी भरून वजन वाढविल्यास घसर कमी होते. तथापि त्या वजनाने ओली काळी माती खाली दाबली जाऊन मुळांना अडविणारा थर तयार होतो. तेव्हा वजन वाढविण्यापेक्षा दोन दिवस थांबणे हिताचे असते.

खर्चाचा हिशेब

कृषी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः १० वर्षे, वापर वर्षाला १,००० तास आणि अखेरची किंमत मूळ किमतीच्या १० टक्के धरतात. ६ लाख रुपयांचे नवे यंत्र घेतले असे कल्पिल्यास वार्षिक घसारा ५४,००० रुपये, म्हणजे तासाला ५४ रुपये येतो. पण कमी जमीन असलेल्या मालकाकडे ते वर्षाला ३०० तासच चालले, आणि घसाऱ्याची रक्कम तीच राहिली, तर तासाला १८० रुपये पडतात. दीड लाखाला घेतलेला जुना ट्रॅक्टर पाच वर्षांनी ६०,००० रुपयांस विकला, तर घसारा वर्षाला १८,००० आणि तासाला ६० रुपये होतो. या काल्पनिक आकड्यांवरून दोहोंतील वार्षिक फरक ३६,००० रुपये निघतो. व्याजातील बचत वेगळीच. दुरुस्ती आणि खोळंबा यांचे मिळून नुकसान या मर्यादेत राहिले तरच जुना ट्रॅक्टर किफायतशीर ठरतो.

यांपैकी दुरुस्तीचा खर्च पावतीवर दिसतो. खोळंब्याचा दिसत नाही. पेरणीच्या वाफशात क्लच प्लेट गेली आणि चार दिवस वाया गेले, तर त्याची किंमत उगवणीतून आणि उत्पन्नातून वसूल होते.

निगा

उन्हाळ्यातील धूळ हा जुन्या इंजिनाचा मोठा शत्रू आहे. एअर क्लीनरमधील तेल गढूळ झाले की धूळ सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि लायनर झिजतो. धुराड्यातून सतत निळसर धूर येणे हे तेल जळत असल्याचे लक्षण होय. काळा धूर बहुधा ओझे अधिक झाल्याचे किंवा हवा कमी पडल्याचे सुचवितो. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात रेडिएटरच्या जाळीत अडकलेला काडीकचरा रोज काढावा लागतो. रस्त्यावर ट्रॉली ओढताना दोन्ही ब्रेकची पेडले एकमेकांस जोडलेली असावीत. एकाच चाकाला ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर उलटण्याचा संभव असतो.

मोठ्या दुरुस्तीची वेळही ठरलेली असावी. पोळ्याच्या सुमारास शेतात पीक उभे असते आणि ट्रॅक्टर बहुतांशी रिकामा असतो. इंजिन उतरवायचे ते तेव्हाच. मृगाच्या तोंडावर नव्हे.

कामांची वाटणी

यातून निष्कर्ष असा निघतो की जुन्या ट्रॅक्टरचे मोल त्याच्या वयावरून ठरत नाही. ज्या कामाला दिवसाचे बंधन नाही असे किती काम मालकाजवळ आहे, यावरून ते ठरते. नांगरट, शेणखताची वाहतूक, हिंगणघाट वा आर्वीच्या बाजारात कापूस नेणे ही कामे दोन दिवस मागेपुढे झाली तरी चालतात. ती त्याच्याकडे द्यावीत. पेरणीला मात्र दिवस चुकवून चालत नाही. तिच्यासाठी बैलजोडी वा भाड्याच्या यंत्राची तजवीज आधीच हवी. कपाशी वाढल्यावर तिच्या ओळींत डवरणीसाठी ट्रॅक्टर शिरू शकत नाही. तेथे बैलच लागतात. या जिल्ह्याची ओळख असलेल्या गवळाऊ जातीचे बैल चपळ चालीसाठी नावाजलेले आहेत. ट्रॅक्टर आणि बैल येथे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून एकमेकांचा धोका वाटून घेणारे भागीदार आहेत. कुमारप्पांचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. साठ्यातील शक्ती कोठे खर्चावी आणि प्रवाहातील कोठे राखावी, या रूपाने तो प्रत्येक हंगामात पुन्हा उभा राहतो.

या विषयाच्या अभ्यासकास मोठ्या साधनांची गरज नाही. तारीख, काम, तास, डिझेल आणि खोळंब्याचे दिवस अशा पाच रकान्यांची वही काही मोजक्या मालकांनी दोन हंगाम प्रामाणिकपणे ठेवली, तर खोळंब्याची आजवर न दिसलेली किंमत आकड्यांत मांडता येईल. आणि जुना ट्रॅक्टर घ्यावा की न घ्यावा, या प्रश्नाला अंदाजाऐवजी हिशेबाचे उत्तर मिळेल.