हरित हायड्रोजनचा आंतरराष्ट्रीय व्यापार : वाहतूक आणि प्रमाणन

हरित हायड्रोजनच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची चर्चा बहुधा उत्पादनखर्चापाशीच थांबते. वस्तुतः या व्यापाराचे स्वरूप वाहतूक व प्रमाणन या दोन गोष्टींवरही तितकेच अवलंबून आहे.

सूर्यप्रकाश वा वारा यांपासून मिळविलेल्या विजेने पाण्याचे विघटन केले असता हा वायू मिळतो. एका किलोग्रॅमसाठी सुमारे ५० ते ५५ किलोवॅट-तास वीज लागत असल्याने स्वस्त विजेचा प्रदेश स्वाभाविक निर्यातदार ठरावा. परंतु हायड्रोजन द्रवरूप करण्यासाठी तो उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो व त्यातील ऊर्जेच्या सुमारे एक-तृतीयांशाइतकी वीज या क्रियेतच खर्ची पडते. २०२२ साली 'सुइसो फ्रंटियर' या जपानी जहाजाने ऑस्ट्रेलियातून कोबे येथे द्रव हायड्रोजन नेला खरा. परंतु तो कोळशापासून काढलेला होता व जहाजाची क्षमता अवघी १,२५० घनमीटर होती.

याउलट अमोनिया उणे ३३ अंशांवरच द्रवरूप होतो. त्याच्या एका घनमीटरात सुमारे १२० किलोग्रॅम हायड्रोजन सामावतो. द्रव हायड्रोजनच्या घनमीटरात केवळ ७१. शिवाय खतांच्या व्यापारामुळे अमोनियाची जहाजे व बंदरांतील टाक्या पूर्वीपासून उपलब्ध आहेत. मात्र अमोनियापासून हायड्रोजन पुन्हा वेगळा करावयाचा तर आणखी ऊर्जा लागते. म्हणून जेथे अमोनियाचाच थेट उपयोग आहे, तेथे हा व्यापार प्रथम स्थिरावण्याचा संभव अधिक. जर्मनीच्या 'एच टू ग्लोबल' योजनेत २०२४ साली इजिप्तमधील हरित अमोनियाचा करार झाला. त्यात उत्पादनस्थळीची किंमत टनास ८११ युरो होती. वाहतूक, आयातकर इत्यादी धरून युरोपात पोचती किंमत १,००० युरो झाली.

दुसरा प्रश्न प्रमाणनाचा. हायड्रोजनच्या रेणूवरून त्याचा उगम ओळखता येत नाही. भारताने २०२३ साली किलोग्रॅममागे २ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड-सममूल्य ही मर्यादा ठरविली. युरोपीय संघाची मर्यादा सुमारे ३.४ किलोग्रॅम असली, तरी तीत वाहतुकीतील उत्सर्जनही धरले जाते. शिवाय त्याच वर्षीच्या युरोपीय नियमांत वीज नव्या प्रकल्पांतून घेण्याची व २०३० पासून ताशी जुळणीची अट आहे. अर्थात येथे हरित ठरलेला माल तेथे हरित ठरेलच, असे नाही.

भारताच्या २०२३ मधील राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टनांचे आहे. खतांसाठी देश स्वतःच अमोनिया आयात करतो. ती आयात देशी हरित अमोनियाने भागविल्यास सागरी वाहतुकीचा व परकीय प्रमाणनाचा, असे दोन्ही खर्च टळतात. तेव्हा निर्यातीचे धोरण आखताना प्रथम या देशी मागणीचा हिशेब मांडणे अवश्य आहे.