मूळ आवाज कीं उसना आवाज ?

जपानांत तयार होणाऱ्या चित्रमय बोलपटांस व मालिकांस 'ॲनिमे' म्हणतात, हें आमच्या वाचकांच्या घरांतील मुलें त्यांस केव्हांच सांगून चुकलीं असतील. या ॲनिमेचे भक्त अमेरिकेंत गेलीं चाळीस वर्षें एका वादांत गुंतलेले आहेत. चित्रपट घरीं आणून पाहावयाचा, तो मूळ जपानी आवाजांत, पडद्याच्या तळाशीं येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचीत पाहावा, कीं इंग्रजी नटांचे आवाज मागाहून घातलेला, म्हणजे 'डब' केलेला पाहावा ? रिकामटेकड्यांचा वाद म्हणून याची हेटाळणी पुष्कळ होते. ती करणारांनीं पुढील हकीकत एकदां वाचावी.

वादांत कडवटपणा आला तो व्यापाऱ्यांच्या करणीनें. हायाओ मियाझाकी यांचा 'नौसिका' हा चित्रपट जपानांत १९८४ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं तो अमेरिकेंत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नांवानें अवतरला, तेव्हां त्यांतील सुमारें २२ मिनिटांचा भाग कापलेला होता आणि नायिकेचें नव्यानें बारसें होऊन ती 'झँड्रा' झाली होती. विषारी अरण्य आणि मनुष्य यांच्या नात्याची ती गंभीर कथा. तिची साधी लढाईची गोष्ट होऊन बसली. त्याच वर्षीं एकमेकींशीं कांहीं संबंध नसलेल्या तीन मालिका एकत्र शिवून 'रोबोटेक' नांवाची एकच मालिका करण्यांत आली. पुढें 'पोकेमॉन'मध्यें तर गंमतच झाली. भाताचा त्रिकोणी गोळा, ज्याला जपानी लोक ओनिगिरी म्हणतात, पडद्यावर ढळढळीत दिसत असतां, इंग्रजी बोलणारें पात्र त्यास जेली भरलेला डोनट म्हणतें ! उकडीच्या मोदकाकडे बोट दाखवून कोणीं त्याला बिस्किट म्हणावें, तशांतलाच हा प्रकार. असल्या अनुभवांनीं पोळलेले रसिक 'डब' हा शब्द ऐकतांच सावध होऊं लागले, तर त्यांत नवल नाहीं.

व्हिडिओ कॅसेटींच्या काळीं एका फितीवर बहुधा एकाच भाषेचा आवाज असे. त्यामुळें एकाच चित्रपटाच्या दोन निरनिराळ्या कॅसेटी निघत, आणि मूळ आवाजाची कॅसेट कमी खपते म्हणून पुष्कळदां तीच महाग असे. ज्याला खरें ऐकावयाचें त्यानें अधिक दाम मोजावे, असा हा न्याय ! कित्येक तरुणांनीं मग घरच्या संगणकावर स्वतःच भाषांतर करून त्याच्या ओळी फितींवर उमटविण्याचा उद्योग आरंभिला.

१९९७ सालीं अमेरिकेंत डीव्हीडीची तबकडी आली. हिच्यावर आठपर्यंत निरनिराळे आवाज आणि बत्तीसपर्यंत निरनिराळ्या भाषांतरांच्या ओळी साठवितां येतात. येथें तंटा मिटावयास हरकत नव्हती. पण तसें झालें नाहीं. मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) या चित्रपटाची तबकडी अमेरिकेंत २००० सालीं काढण्याचें डिस्नेच्या मंडळींनीं जाहीर केलें, आणि तींत काय तो इंग्रजी आवाजच असणार असें कळून आलें. रसिकांनीं अर्ज केले, तक्रारींचा वर्षाव केला. अखेर तबकडी लांबणीवर पडली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत जपानी आवाज व भाषांतराच्या ओळी घेऊनच बाहेर आली.

आमच्या मतें सबंध वादांतील खरें दुखणें या प्रसंगीं उघड झालें. इंग्रजी आवाज घातला, ही तक्रार नव्हतीच. मूळ आवाजास जागा असूनही तो वगळला, ही होती. ज्ञानेश्वरीचें सुलभ गद्य रूपांतर छापण्यास कोणाची ना नाहीं. पण उद्यां बाजारांत रूपांतरच तेवढें मिळूं लागलें आणि ओव्या मिळेनाशा झाल्या, तर आपण स्वस्थ बसूं काय?

वस्तुतः 'मोनोनोके'चे इंग्रजी संवाद मुळींच टाकाऊ नाहींत. ते नील गेमन या कथाकारानें लिहिले आहेत. जपानींत एक भटका भिक्षु पुढ्यांत आलेल्या सूपाला 'नुसतें कढत पाणी' म्हणून नांवें ठेवतो. इंग्रजींत ही निंदा अगदींच मिळमिळीत होते, म्हणून तेथें गाढवाला मध्यें आणून अशी उपमा योजिली आहे कीं ती या पानांत छापतां येत नाहीं. याला आम्ही भाषांतरकाराचा हक्क म्हणूं. 'किकी'ची गोष्ट मात्र निराळी. त्या चित्रपटांतील काळें मांजर जपानींत बेताचें बोलतें आणि शेवटीं शेवटीं त्याची मनुष्यवाणी किकीला ऐकूं येत नाहींशी होते. मुलगी मोठी झाली, हें त्या मौनानेंच प्रेक्षकाला सांगावयाचें. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तींत फिल हार्टमन या विनोदी नटानें त्या मांजराला वाचाळ करून टाकलें, आणि अखेरीस पुन्हां बोलतेंही केलें ! २०१० च्या तबकडींत यांतील कांहीं भर काढून टाकण्यांत आली, हें बरें झालें.

तथापि मूळ आवाजाच्या अभिमान्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जपानांतही सामान्यतः चित्रें आधीं होतात आणि नट मागाहून पडद्याकडे पाहून बोलतात. 'अकिरा' (१९८८) या चित्रपटांत संवाद आधीं नोंदून मग पात्रांचे ओठ रेखाटले, तो अपवाद. म्हणजे आवाज मागाहून घालणें ही मूळचीच रीत आहे. फरक इतकाच कीं तेथें दिग्दर्शक स्वतः कान देऊन बसलेला असतो. 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू याला १९८६ पासून मासाको नोझावा या बाईंचा आवाज आहे. बाईंचा जन्म १९३६ चा. गोकू लहानाचा मोठा झाला, त्याला मुलें झालीं, आवाज तोच. अमेरिकेंत शॉन शेमेल हा पुरुष त्याच्यासाठीं बोलतो, आणि तेथें वाढलेल्या मुलांना बाईंचा आवाज ऐकून हसूं येतें. लहानपणीं ज्याच्या कानांवर जें पडलें, तेंच त्याला मूळ.

इंग्रजीची खरी अडचण आम्हांस दिसते ती संबोधनांत. जपानी मनुष्य नांवापुढें 'सान', 'चान', 'सामा' असे प्रत्यय लावतो. ज्या दिवशीं तो प्रत्यय गळतो, त्या दिवशीं दोन माणसांचें नातें बदललेलें असतें. धाकटी बहीण भावाला नांवानें हाक मारीत नाहीं. इंग्रजीच्या एकुलत्या एका 'यू'मध्यें हें सारें बुडून जातें, आणि बहीण भावाला खुशाल नांवानें हाक मारते. मराठींत मात्र 'दादा' आहे, 'अहो' आहे, तूं, तुम्ही आणि आपण आहे. ज्या घरांत सून सासूला कधीं 'अहो आई' तर कधीं 'अगं आई' म्हणते, तेथें त्या प्रत्ययाची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं. म्हणून इंग्रजी डबवरचे सगळेच आक्षेप मराठी डबला लागू पडतील, असें आम्ही मानीत नाहीं. शिवाय तळच्या ओळी धांवत्या असतात. मोतीबिंदू झालेल्या आजीला त्या दिसत नाहींत, आणि तिच्या मांडीवरच्या नातवाला अजून अक्षरओळख नाहीं. त्या दोघांना एकत्र बसून चित्रपट पाहावयाचा असेल, तर उसन्या आवाजावांचून गति नाहीं.

मूळ कोणतें, हा प्रश्न आपल्या रामकथेनें तर आणखीच घोटाळ्यांत टाकला आहे. युगो साको या जपानी गृहस्थांनीं भारतीय चित्रकार राम मोहन यांच्या साहाय्यानें रामायणावर ॲनिमे चित्रपट केला, तो १९९२ सालचा. चित्रें जपानी हातांचीं, गाणीं संस्कृत, आणि संवाद प्रथम नोंदले गेले ते इंग्रजींत. हिंदींत रामाला अरुण गोविल यांचा आवाज मिळाला, तो मागाहून. जानेवारी २०२५ मध्यें हा चित्रपट भारतांत पुन्हां लागला, तेव्हां हिंदी, तमिळ, तेलुगु आणि इंग्रजी असे चार आवाज होते. त्यांत जपानी नव्हता.